टेलरबाईंचा इंग्रजी आठ

टेलरबाईंच्या हाताला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. बत्तीस वर्षं त्या कोट शिवत होत्या. लठ्ठ माणसांना सडपातळ दाखवणारे, वाकलेल्यांना ताठ दाखवणारे, आणि एकदा तर एका भांडखोर वकिलाला चक्क सज्जन दाखवणारा. सुईत दोरा त्या चष्म्याशिवाय ओवायच्या, तेही समोरच्या गिऱ्हाइकाशी तावातावाने वाद घालता घालता. अशा बाईंना लायसन्सच्या परीक्षेच्या साहेबांनी चारचौघांत सांगितलं, "बाई, तुमचा हात स्थिर नाही." त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नापास झाल्याचं दुःख होतंच, पण ते मागच्या बाकावर जाऊन बसलं. हात स्थिर नाही? माझा?

छप्पन्नाव्या वर्षी टेलरबाईंना मोटरसायकल शिकायची अवदसा का आठवली, हे आधी सांगायला हवं.

त्यांच्या नवऱ्याला सगळे मीटरवाले म्हणत. चौतीस वर्षं ते घरोघर जाऊन विजेची मीटरं वाचायचे, आणि ती सगळी वर्षं त्यांच्या बुडाखाली एकच मोटरसायकल होती. काळी, टाकीवर लाल पट्टा, आवाज भारदस्त. आठवडाभर ती आकडे गोळा करायची. रविवारी दुपारी मात्र मीटरवाले टेलरबाईंना मागे बसवून तलावाच्या रस्त्याला फिरायला न्यायचे. एकतीस वर्षं एकही रविवार चुकला नाही, असं दोघंही सांगत. चुकले असतील चार-दोन, पण आपण कशाला मोजायचे!

अडचण एकच. मीटरवाले ताडमाड, टेलरबाई जेमतेम त्यांच्या खिशाला लागणाऱ्या. त्यामुळे मागे बसल्यावर त्यांना दिसायची फक्त नवऱ्याची पाठ, म्हणजे स्वतःच शिवलेला शर्ट. मीटरवाले पुढून ओरडायचे, "अगं, उजवीकडे बघ, बकऱ्या!" टेलरबाई पाठीआडून मान काढेपर्यंत कळप मागे पडलेला असायचा. "दिसल्या का?" "दिसल्या हो, शेपट्या दिसल्या." एकतीस वर्षांत त्या रस्त्यावर त्यांनी एकाही बकरीचं तोंड पाहिलं नव्हतं. तरीही रविवारची वाट त्या सोमवारपासून बघायच्या.

गेल्या वर्षी मीटरवाल्यांच्या नजरेत मधोमध एक धुरकट ठिपका आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही, आणि गाडी आजपासून बंद. मीटरवाल्यांनी मान डोलावली, घरी आले, आणि ओसरीत स्टँडवर उभ्या असलेल्या मोटरसायकलवर जाऊन बसले. तासभर तसेच, दोन्ही हात हँडलवर ठेवून. टेलरबाई दाराशी बसून पँटला टीप घालत होत्या. त्यांना ते बघवेना. त्यांनी तीच टीप तीनदा घातली.

उठल्यावर मीटरवाले म्हणाले, "भाच्याला देऊन टाकतो. उभी राहून गंजण्यापेक्षा फिरू दे."

"कुणाला काही द्यायचं नाही," टेलरबाई म्हणाल्या. "मी शिकते."

मीटरवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला. टेलरबाईंनी पाणी आणून दिलं आणि पुन्हा म्हणाल्या, "मी शिकते." तेव्हा त्यांना कळलं की प्रकरण गंभीर आहे. शेवटी असं ठरलं: लायसन्सच्या एका अर्जावर तीन वेळा परीक्षा देता येते. तीनपैकी एकदा जरी पास झाल्या, तर गाडी घरातच राहणार. तीनही वेळा आपटल्या, तर पुढे सहा महिने अर्ज करता येत नाही, म्हणून गाडी भाच्याची. मीटरवाल्यांनी तसा भाच्याला शब्द दिला. भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा, चांगला तिशीतला, बँकेत नोकरीला. मनाने सोन्यासारखा, पण गाडीवर त्याचा डोळा पहिल्यापासून. "मामी, तुम्हाला माझ्या मनापासून शुभेच्छा," असं म्हणून त्याने त्याच संध्याकाळी काळं, लाल पट्ट्याचं हेल्मेट विकत आणलं.

टेलरबाई शिकल्या मात्र भराभर. बत्तीस वर्षं पायाने मशीन हाकलेल्या बाईला क्लच आणि गिअरचं काय कौतुक! घोडं अडलं ते हँडलपाशी. हँडल होतं रुंद आणि खाली झुकलेलं, मीटरवाल्यांच्या लांब हातांच्या मापाचं. ते धरायला टेलरबाईंना टाकीवर जवळजवळ पालथं पडावं लागे. लांबून बघणाऱ्याला वाटे, गाडी एकटीच निघालीय आणि वर कुणाचं तरी गाठोडं बांधलंय.

म्हणून त्यांनी नवं हँडल आणलं, वीतभर उंच आणि चांगलं मागे वळलेलं. ते दोघांनी मिळून ओसरीतच बदललं. मीटरवाल्यांना पान्यावरचे आकडे दिसत नव्हते, पण बोटांनी चाचपून ते बरोबर पाना पुढे करत. टेलरबाई नट सोडवत आणि सोडवलेला प्रत्येक नट बटणांच्या डबीत ठेवत. मुठी चढल्या, ब्रेकची केबल पोचली, क्लचची पोचली, अ‍ॅक्सिलरेटरचीही पोचली. जुन्या हँडलला अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचा एक मोठा ढगळ वळसा हेडलाइटपुढे लोंबत असे. नवं हँडल उंच, त्यामुळे बरीचशी केबल वर चढली. तरी थोडा वळसा उरलाच.

आता टेलरबाईंचा स्वभाव असा, की लोंबणारी कुठलीही वस्तू त्यांना डोळ्यांसमोर खपत नाही. लोंबणारा दोरा, लोंबणारं अस्तर, लोंबणारी बाही. गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण जरा लोंबताना दिसलं की त्या त्याला तिथेच रस्त्यात उभा करून टाका घालत. त्यांनी कोटाच्या बटणांचा मेणाचा दोरा काढला आणि केबल चापून चोपून बसवली: वरून हँडलच्या नळीला, खालून टाकीपुढच्या सांगाड्याला. अकरा टाके. कुठे फुगा नाही, कुठे झोल नाही. मीटरवाल्यांनी वरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! हाताला काही लागतच नाही गं."

टेलरबाई त्या दिवशी स्वतःवर फार खूश होत्या. लक्षात असू द्या.

रस्त्यावर गाडी झकास चालली. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडल्यावर परत फिरायला थोडा आळस करायची, पण सगळे म्हणाले, नवीन आहे, रुळेल. शाळेच्या मैदानावर टेलरबाईंनी पन्नास फेऱ्या मारल्या. मैदान ऐसपैस, फेऱ्याही ऐसपैस. पहिल्या परीक्षेला त्या गेल्या तेव्हा आकाश त्यांना ठेंगणं होतं.

परीक्षा म्हणजे ऑफिसमागच्या पटांगणात पांढऱ्या रंगाने काढलेला इंग्रजी आठ. तो इतका चिंचोळा, की काढणाऱ्याकडे रंगाची टंचाई असावी. पाय न टेकता त्यावरून दोनदा जायचं. टेलरबाईंनी उजवीकडचा वळसा सुरेख घेतला. डावीकडच्या वळशात त्यांनी हँडल पुरतं डावीकडे फिरवलं मात्र, गाडी "घूंऽऽऽ" करून रेस झाली आणि आठ सोडून सरळ साहेबांच्या टेबलाकडे निघाली. अर्ज उडाले, शिक्क्याची डबी उडाली, साहेब खुर्चीवर चढले. टेलरबाईंनी टेबलापासून चार बोटांवर गाडी थांबवली आणि तिथूनच ओरडल्या, "मी मूठ सोडली होती हो!"

"सगळे असंच म्हणतात," साहेब खुर्चीवरूनच म्हणाले.

मग उपचार सुरू झाले. मेकॅनिकने गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, हँडल सरळ धरलं, केबलमध्ये तेल सोडलं, मूठ पिळून सोडली आणि म्हणाला, "काही दोष नाही, काकू. बघा, लोण्यासारखी चालतेय." मीटरवाल्यांनी नळीवरचा नवा रंग मुठीला धरत असेल म्हणून पॉलिशपेपरने टोक घासलं. भाच्याने मुठीच्या रबराची कड दांडीच्या टोकाला घासतेय असं शोधून काढलं आणि मामीच्याच कात्रीने ती कापली. कापडाच्या कात्रीने! टेलरबाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. प्रत्येक उपचारानंतर गाडी एक दुपार शहाण्यासारखी वागायची. तिघांनीही ती रस्त्यावर चालवून पाहिली, म्हणजे मेकॅनिकने, भाच्याने आणि खुद्द टेलरबाईंनी. रस्त्यावर काही म्हणून खोट नाही.

दुसऱ्या परीक्षेला साहेबांनी टेबल हलवून कुंपणापाशी नेलं. टेलरबाई तिथेही पोचल्या.

तेव्हाच ते वाक्य आलं, हात स्थिर नसल्याचं. पटांगणात रांगेत उभे असलेले वीस जण ऐकत होते. टेलरबाईंनी गाडी ढकलत घरी नेली. वाटेत त्या मनाशी घोकत होत्या: मूठ मी सोडली होती, मूठ मी सोडली होती. घरी पोचेपर्यंत त्यांना स्वतःलाच खात्री वाटेना. रस्त्यावर नीट चालते, मैदानावर नीट चालते, साहेबांसमोरच उधळते, म्हणजे दोष गाडीचा कसा? घाबरून हात पिळत असेल माझा, मलाच कळत नसेल. त्यांनी मशीनपाशी बसून दोन्ही हात समोर धरले आणि पाहत राहिल्या. हात हलत नव्हते. पण आता त्या हातांवरचा भरवसा हलला होता, आणि टेलरबाईंना रडू आलं. काजं करायचं काम त्यांनी आठ दिवस बाजूला ठेवलं. त्याऐवजी तिसऱ्या परीक्षेसाठी स्वतःला एक जाकीट शिवलं, निळं, पितळी बटणांचं. पडायचंच असेल तर निदान चांगल्या कपड्यात.

भाचा येऊन ओसरीची लांबी-रुंदी बघून गेला. म्हणे, सहजच.

परीक्षा शुक्रवारी होती. गुरुवारी सकाळी कोटाच्या ट्रायलला बँडमास्तर आले. हे अग्निशामक दलाच्या बँडचे प्रमुख, किडकिडीत आणि उंच, आणि बोलताना दोन्ही हातांनी ताल धरणारे. शनिवारी त्यांचा कार्यक्रम होता. टेलरबाईंनी टाचण्या लावलेला, एकच बाही जोडलेला कोट त्यांच्या अंगात चढवला. बँडमास्तर आरशापुढे ताठ उभे राहिले.

"वा बाई! अंगावर ओतल्यासारखा बसलाय."

"हं," टेलरबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष ओसरीतल्या गाडीकडे होतं.

बँडमास्तरांनी खुशीत येऊन समोरच्या अदृश्य बँडला सुरुवात करून देण्यासाठी डावा हात वर केला, आणि अख्खा कोट वर चढला. कॉलर कानाला लागली, पुढची बटणं छातीवर, खालून शर्ट बाहेर. एक टाचणी उडून खिडकीवर टणकन आपटली.

"बाई," कॉलरच्या आतून बँडमास्तर म्हणाले, "उभा असलो की कोट माझा, पण हात उचलला की मी कोटाचा!"

टेलरबाईंनी कपाळाला हात लावला. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या पहिलं वाक्य सांगत ते "हात वर करा" हेच. सरळ उभ्या माणसाला काय, कुठलाही कोट बसतो. माणूस हात हलवतो तेव्हा कापड कुठून येणार, तिथे शिवणाऱ्याची परीक्षा. आणि यावेळी मनाला चैन नाही म्हणून नेमकं तेच विचारायचं राहिलं, बाहीच्या घेरात झोलच ठेवला नाही.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या. "हात खाली. आता वर. खाली. वर."

बँडमास्तरांना हे आवडलं. त्यांनी चार मात्रांत हात खाली-वर केला. खाली, कोट शांत. वर, कोट ओढला. टेलरबाई हातातला खडू तसाच धरून बघत राहिल्या, आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडं पडलं.

"सरळ उभी असताना माप घेतलं मी तिचं," त्या पुटपुटल्या.

"कुणाचं?"

"गाडीचं!"

आणि छप्पन्न वर्षांच्या टेलरबाई दुकानातून ओसरीत अशा धावल्या की मापाची टेप गळ्यातून मागे उडत राहिली. बँडमास्तर एका बाहीनिशी त्यांच्या मागे. ओसरीत मीटरवाले रेडिओ ऐकत बसले होते, ते दचकून उठले.

"अहो, तो रेडिओ बंद करा आधी!" टेलरबाईंनी गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, लाथ मारून चालू केली आणि पुढे येऊन उभ्या राहिल्या. गाडी संथपणे फुटफुटत होती. "मास्तर, तुम्ही हँडल धरा. नळीला धरा, मुठीला नको. आता डावीकडे फिरवा. पूर्ण."

बँडमास्तरांनी हँडल डावीकडे फिरवलं. घूंऽऽऽ!

"उजवीकडे!" आवाज उतरला.

"डावीकडे!" घूंऽऽऽ!

आता बँडमास्तरांमधला बँडमास्तर जागा झाला. "चढला!" ते गरजले. "उतरला! चढला! उतरला!" त्यांचे डोळे चमकायला लागले. गल्लीतली माणसं दारात आली. एका बाहीचा, टाचण्यांनी चमकणारा उंच माणूस मोटरसायकलकडून गाणं म्हणवून घेतोय, हे काही रोज बघायला मिळत नाही.

मीटरवाले कान देऊन ऐकत होते. डोळ्यांनी दगा दिला तरी त्या इंजिनाचा आवाज त्यांना चौतीस वर्षांचा पाठ होता. "अगं," ते म्हणाले, "पण तुझा हात कुठे आहे?"

"माझे दोन्ही हात कमरेवर आहेत!"

मीटरवाल्यांना समोरचं दिसत नव्हतं. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी चाचपून पाहिलं. एक हात कमरेवर. दुसराही कमरेवर. मग ते गल्लीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "दोन्ही हात कमरेवर आहेत! गाडी आपली आपण रेस होतेय! हिचा हात स्थिर आहे!"

टेलरबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी गल्लीदेखत नवऱ्याच्या हातावर फटका मारला.

गंमत पाहा. रस्त्यावर माणूस हँडल फिरवतो तरी किती? जरासं. गाडी कलली की वळते. मैदानावरही तेच. ते पुरतं फिरवावं लागतं फक्त त्या चिंचोळ्या आठात. आणि तसं फिरवलं की टेलरबाईंच्या अकरा सुबक टाक्यांनी दोन्हीकडून बांधलेली केबल ताणली जायची, आणि मुठीला कुणी हात न लावता अ‍ॅक्सिलरेटर ओढला जायचा. सरळ उभ्या गाडीच्या अंगावर त्यांनी केबल अगदी अंगाबेताची बसवली होती, आणि हात वर करायला जागाच ठेवली नव्हती. अशी चूक मेकॅनिकच्या हातून होत नाही. त्याला लोंबणाऱ्या केबलची लाज वाटत नाही.

टेलरबाईंनी गाडी बंद करून छोटी कात्री आणली आणि एकेक टाका कापला. अकरा वेळा कात्री वाजली, गल्लीने मोजलं. सुटलेली केबल हळूच पुढे आली. तरीही डावीकडे पुरतं फिरवल्यावर ती जराशी ताणली जात होतीच, कारण घाईत ती बाकीच्या केबलींच्या बाहेरून, लांबच्या वाटेने गेली होती. टेलरबाईंनी ती मुठीपासून सोडवली, आतल्या बाजूने, कुठे मुरड पडणार नाही अशी फिरवून घेतली आणि पुन्हा जोडली. मुठीजवळचा छोटा नट थोडा फिरवून केबल किंचित सैल केली, म्हणजे मूठ पिळायला लागल्यावर पहिलं केसभर अंतर काहीच होऊ नये.

"आता फिरवा, मास्तर."

डावीकडे. फुट फुट फुट. उजवीकडे. फुट फुट फुट. बँडमास्तर जरा हिरमुसलेच.

टेलरबाईंनी हँडल डावीकडे पुरतं धरून मूठ पिळली आणि सोडली. टक्! मूठ जागेवर आली. आळस नाही, कुरकुर नाही. त्यांनी सरळ धरून पिळली. टक्! उजवीकडे. टक्! मीटरवाले म्हणाले, "मला करू दे." मग त्यांनी केलं. मग समोरच्या आजींनी केलं. बँडमास्तरांनी तर एका ठेक्यात सोळा वेळा केलं. शेवटी टेलरबाईंनी चावी काढून कमरेला खोचली.

केबलचा वळसा आता हेडलाइटपुढे पुन्हा लोंबत होता. "काय दिसतंय मेलं," टेलरबाई म्हणाल्या आणि त्यांनी मान फिरवली. त्यांची बोटं दोऱ्याकडे वळत होती, पण त्यांनी ती आवरली.

"बाई," बँडमास्तर म्हणाले, "माझं काय?" भर रस्त्यात आपण एका बाहीवर उभे आहोत हे त्यांना आत्ता उमगलं होतं. टेलरबाईंनी त्यांना आत नेलं, बाहीची शिवण उसवली, आत राखलेलं जादा कापड सोडलं, आणि दुपारपर्यंत कोट असा केला की मास्तरांनी दोन्ही हात डोक्यावर नेले तरी कॉलर हलली नाही. स्वतःच्या जाकिटाचं मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते जाकीट घालून त्या तयार झाल्या. मीटरवाल्यांनी विचारलं, "कसं बसलंय?"

"अंगाबेताचं," त्या ऐटीत म्हणाल्या.

भाच्याने दोघांना आपल्या चारचाकीतून नेलं आणि मोटरसायकल मेकॅनिकने आणून पोचवली. भाच्याच्या मांडीवर ते हेल्मेट होतं. पटांगणात टेबल नव्हतंच. खुर्चीही नव्हती. साहेब लांब एका जाड झाडामागे उभे होते आणि फक्त त्यांचं पॅड दिसत होतं.

"सुरू करा!" झाड म्हणालं.

टेलरबाई निघाल्या. मीटरवाले दोरीपलीकडे उभे होते, मान एका बाजूला वळवून, कारण तसं केलं की कडेच्या नजरेत काहीतरी काळं हलताना दिसे. उजवा वळसा झाला. मधला फाटा आला. टेलरबाईंनी हँडल डावीकडे फिरवलं, पुरतं, अगदी टोकापर्यंत, आणि दोन्ही हात उंच हँडलवर ताणले गेले.

टर्रर्रर्र!

झाडामागचं पॅडही नाहीसं झालं. रांगेतले चार जण पळाले. टेलरबाईंचा पाय टेकायला निघालाच होता. पण गाडी? गाडी तर फुट फुट फुट, गोगलगाईसारखी वळतेय. मूठ जागेवर. पाय जमिनीपासून दोन बोटांवरून परत वर आला. डावा वळसा पुरा झाला. मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा. एका बाजूने गार वारा लागत होता एवढंच. पांढऱ्या रेघेवर गाडी आणून उभी करेपर्यंत टेलरबाई हसायला लागल्या होत्या, आणि ते हसू काही केल्या थांबेना.

साहेब झाडामागून हळूहळू बाहेर आले. "तो आवाज कसला होता?"

"माझ्या जाकिटाचा, साहेब. खांद्यावर उसवलं."

"गाडीचा नाही?"

"गाडीचं आता काही उसवत नाही. तिला मी झोल ठेवलाय." त्यांनी दोन्ही हात साहेबांपुढे पसरून धरले. "बघून घ्या. हलतायत का?"

साहेबांनी खरंच वाकून पाहिलं. मग पॅडवर सही केली आणि कागद टेलरबाईंच्या हातात दिला. टेलरबाईंनी तो तिथेच मीटरवाल्यांच्या हातात कोंबला. त्यांनी कागद डोळ्यांच्या कडेला धरून बघायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा नुसताच छातीशी धरला आणि रडले. भाचा जवळ आला. त्याने हातातल्या हेल्मेटकडे एकदा पाहिलं, मोठा सुस्कारा सोडला आणि ते मामांच्या डोक्यावर चढवलं. "मामा, तुम्हालाच बसतंय बघा," तो म्हणाला. पोरगं खरंच सोन्यासारखं.

रविवारी दुपारी टेलरबाईंनी गाडी ओसरीतून बाहेर काढली. मीटरवाले मागच्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. गुडघे कुठे घालावेत कळेना. हात तर अजिबातच कळेना.

"धरा की," टेलरबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"एकतीस वर्षं मी कुठे धरत होते?"

मीटरवाल्यांनी संकोचून बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. बोटाला भोक लागलं. "अगं, हे अजून शिवलं नाहीस?"

"राहू द्या. धरायला बरं पडतं."

गाडी तलावाच्या रस्त्याला लागली. उंच हँडलमागे टेलरबाई ताठ बसल्या होत्या, हेडलाइटपुढे केबलचा वळसा डुलत होता, आणि रस्ता पहिल्यांदाच सगळाच्या सगळा त्यांचा होता. इतकं मोठं आभाळ या रस्त्यावर होतं, हे नवऱ्याने कधी सांगितलंच नव्हतं! लांब वळणापाशी काहीतरी पांढरं-तपकिरी हललं.

"अहो!" टेलरबाई ओरडल्या. "बकऱ्या! उजवीकडे येतील. अजून लांब आहेत. मान हलवू नका, माझ्या पाठीकडेच बघा. आता जवळ आल्या. आता!"

मीटरवाले बायकोच्या पाठीकडे बघत राहिले. तिथे तो नेहमीचा धुरकट ठिपका होता. आणि त्याच्या उजव्या कडेने, जिथे अजून सगळं लख्ख होतं, एक दाढीवाली बकरी तोंड हलवत गेली. मग दुसरी. मग दोन करडं, एकमेकांना ढुशा देत.

"दिसल्या!" ते ओरडले. "अगं, दिसल्या! शिंगं दिसली, दाढी दिसली, अख्ख्या दिसल्या गं!"

"मलाही!" टेलरबाई म्हणाल्या. "अहो, काय तोंड असतं हो त्यांचं!"

दोघंही इतके हसायला लागले की गाडी उजव्या कडेला घेऊन थांबवावी लागली. मग टेलरबाईंनी मागेपुढे पाहिलं, रस्ता मोकळा होता. त्यांनी हँडल डावीकडे पुरतं फिरवलं, गाडी वळवली आणि दोघं पुन्हा बकऱ्या बघायला निघाले.